रेतीवाले बाबांच्या शेंगा

परक्या गावी लग्नाला गेलेल्या माणसाने पोटभर जेवावं, आहेराचं पाकीट द्यावं आणि हात हलवत परत यावं. खिशात काही घालून आणू नये. एवढी साधी गोष्ट टेकचंदला जमली असती, तर आज अड्याळमधल्या त्याच्या गल्लीत एक देव कमी असता.

टेकचंदच्या घरात दोन हातमाग आणि पुढच्या खोलीत लुगड्यांचं दुकान. त्याला सूत पुरवायचा भंडाऱ्याचा बाबुलाल. हा बाबुलाल मूळचा मारवाडातला, आणि त्याच्या पुतण्याचं लग्न होतं नागौरच्या पलीकडे कुठेतरी. टेकचंद गेला. पंगतीत त्याच्या ताटात दोऱ्याच्या गुंत्यासारखी एक काळपट हिरवी भाजी पडली. त्याने घास घेतला, थांबला, आणि मग चार वेळा मागून घेतली.

"ही कायची भाजी होय?"

"सांगरी," बाबुलाल म्हणाला आणि त्याने मांडवाबाहेर बोट केलं. बाहेर नजर पोचेल तिथपर्यंत रेती, आणि त्या रेतीत उभं एक काटेरी झाड. "वो देखो, खेजड़ी. उसी की कच्ची फली है."

"पाणी कोन देते त्याले?"

"पानी?" बाबुलाल हसला. "टेकचंदजी, यहाँ आदमी को पानी नहीं मिलता, पेड़ को कौन देगा?"

टेकचंदचा घास हातातच राहिला. जिथे गावागणिक तलाव आणि घरागणिक धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, अशा मुलखात त्याचा जन्म गेलेला. पाणी न घालता भाजी येते हे त्याला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. निघताना त्याने वाळक्या शेंगा मागून घेतल्या आणि त्यातल्या पन्नास बिया सदऱ्याच्या खिशात टाकल्या.

(टेकचंदला अशी लहर दर दोन वर्षांनी येत असे. मागे त्याने न्हाणीघरात अळिंबी लावली होती, तेव्हा महिनाभर सगळं घर शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होतं. त्याआधी ससे पाळले होते. सशांनी मागावरचं अर्धं लुगडं खाल्लं. ते भंडाऱ्याच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नाचं होतं.)

घरी आल्यावर त्याने बायकोकडे, म्हणजे कौशल्याबाईकडे, परसातल्या वाडीचा अर्धा तुकडा मागितला. वाडीत तिची वांगी, भेद्रे म्हणजे टमाटे, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर.

"कायले पाहिजे जागा?"

"झाड लावाचं आहे. भाजीचं. त्याले पाणीच लागत नाही."

"मंग त्याले इथं कायले आणलं? इथं त पाणीच पाणी आहे."

हा सवाल इतका बिनतोड होता की टेकचंदने तो ऐकू न आल्यासारखं केलं. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा निघाला त्याला तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती. तसंच आपणही वाडीचं करू, विहिरीकडचा भाग तुझा, कुंपणाकडचा माझा, असं तो म्हणाला. कौशल्याबाईने विचारलं, "भाजी कधी खाले भेटन?"

"आठ वर्षांनी."

कौशल्याबाईने बोटं मोजली. मग तिने अट घातली. आजपासून आठव्या अक्षय तृतीयेला टेकचंदच्या झाडाची भाजी आणि तिच्या वाडीतली भाजी, दोन्ही एकाच ताटात वाढायच्या. टेकचंदची चांगली लागली तर जागा कायमची त्याची. तिची चांगली लागली तर सगळी वाडी तिची, आणि पुन्हा जन्मात कुठलंही बी घरात आणायचं नाही.

"अन् ठरवाचं कोनं?" टेकचंदने संशयाने विचारलं.

"तुमीच ठरवा. खाऊन तुमीच सांगा."

आपणच पंच म्हटल्यावर टेकचंद इतका खूश झाला की त्याने तिथेच हात जोडून अट मान्य केली.

आता भंडारा जिल्ह्यातल्या माणसाच्या हातात कुठलंही बी पडलं की तो आधी चिखल करतो. टेकचंदनेही केला. वाडीत छोटीशी बांधी घातली, पाणी भरलं, पायाने तुडवून लोण्यासारखा चिखल केला आणि त्यात चाळीस बिया टाकल्या. आधी परहे, म्हणजे रोपं, तयार करायची आणि मग रोवणा, म्हणजे लावणी, करायचा, असा बेत होता. पंधरा दिवसांनी बांधीतून फक्त वास उगवला. त्याने बाबुलालला फोन लावला.

"कितना पानी दिया?" बाबुलालने विचारलं.

"चार बोटं. अजून उभं आहे."

"टेकचंदजी," बाबुलाल म्हणाला, "पानी निकालो. रेती डालो. और भगवान के वास्ते, उसको भूल जाओ."

टेकचंदने बैलगाडीभर रेती वैनगंगेवरून आणली. छातीएवढा ढीग घातला आणि त्यावर उरलेल्या दहा बिया लावल्या. तीन उगवल्या. त्यातली एक पावसात वाहून गेली, एक कौशल्याबाईने तण समजून उपटली (तण समजूनच, असं ती अजूनही सांगते), आणि एक जगली. विसरून जा हा सल्ला मात्र टेकचंदला पाळता आला नाही. जिल्हाभर माणसं पाणी अडवायला धुरे बांधत असताना हा ताडपत्रीची झोपडी करून एका वीतभर रोपट्याचं पाण्यापासून रक्षण करत बसे. भर श्रावणात तो छत्री घेऊन बाहेर पडला की छत्री झाडावर आणि टेकचंद पावसात. एवढी काळजी त्याने स्वतःच्या पोरांच्या तापातही घेतली नव्हती, असं कौशल्याबाईचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं.

तिसऱ्या वर्षी झाड कमरेएवढं झालं आणि शेजारच्या जागेश्वरच्या बकऱ्यांना त्याचा पत्ता लागला.

"जागेश्वर, बकऱ्या बांधून ठेव ना गा!"

"बकरी होय भाऊ. तिले काय समजते?"

दोनदा झाड बुंध्यापर्यंत सोललं गेलं. तिसऱ्यांदा सोललं गेलं की संपलंच. एका सकाळी त्याने कौशल्याबाईचा वरवंटा धुतला, त्याला शेंदूर फासला, झाडाखाली रेतीत उभा रोवला, वर लाल कापडाची चिंधी बांधली आणि दोन उदबत्त्या लावल्या. देवाचं नाव काही ठरवलं नव्हतं, कारण बकऱ्या यायची वेळ झाली होती.

संध्याकाळी जागेश्वर आला, चप्पल कुंपणाबाहेर काढली, रेतीला हात लावून कपाळाला लावला आणि बकऱ्या दाव्याला बांधल्या. टेकचंदने घरात जाऊन स्वतःचीच पाठ थोपटली.

खरं तर त्याने तिथेच थांबायला हवं होतं. पण देव बसवणं एखाद्याच्या हातात असतं, थांबवणं नसतं. चार दिवसांनी समोरच्या घरातली शकुनबाई नमस्काराला आली. गल्लीत कोणता उपास कधी आणि कोणाला चुकला, हे सगळं तिला पाठ. तिने पान तोडून डोळ्यांजवळ धरलं आणि ती ओरडली, "अवो कौशल्याबाई, हे त शमी होय!"

होतीच. मारवाडातली खेजडी म्हणजे आपली शमी, हे बाबुलालने सांगितलं नव्हतं आणि टेकचंदने विचारलं नव्हतं. मग काय! शनिवारी तेल आलं. गणपतीत पत्रीला माणसं आली. दसऱ्याला तर इतकी गर्दी झाली की संध्याकाळी झाडावर टेकचंदने मोजून अकरा पानं पाहिली. देवाचं नावही आपोआप पडलं, रेतीवाले बाबा. जागेश्वरच्या बकरीला एकदम तीन पिल्लं झाल्यावर तर लोक ढिगातली चिमूटभर रेती अंगारा म्हणून नेऊ लागले. पाचव्या वर्षी टेकचंदला आणखी एक गाडी रेती आणावी लागली.

हे सगळं खरं काय ते टेकचंदशिवाय घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. "माहा वरवंटा देव झाला," कौशल्याबाई म्हणायची, "अन् मी इथं खलबत्त्यात कुटून राहिली." पण बाहेर तिने कधी चकार शब्द काढला नाही.

टेकचंदची मात्र तक्रार नव्हती. झाड सुखरूप होतं, बकऱ्यांपासून, पोरांपासून, दातवण तोडणाऱ्यांपासून. तो फक्त तेलवाल्या बायकांच्या मागे हात जोडून फिरे, "दगडावर टाका जी, मुळात नका टाकू!" आणि बायका म्हणत, टेकचंदभाऊंची केवढी भक्ती!

आठव्या वर्षी चैत्र लागला आणि झाडाला शेंगा आल्या.

टेकचंदने त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा त्याचे डोळे भरून आले. आयुष्यात त्याने हाती घेतलेली एक गोष्ट शेवटापर्यंत पोचली होती. आता ती शेंग शिजवून ताटात वाढायची आणि बायकोसमोर एक घास खायचा, बस. त्याने बाबुलालला फोन केला. बाबुलालचा आधी विश्वासच बसला नाही. मग तो म्हणाला, "आठ दिन के अंदर तोड़ लो. उसके बाद लकड़ी हो जाएगी." अक्षय तृतीयेला सहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकचंद टोपली घेऊन झाडाखाली गेला. वर हात करतो न करतो तोच मागून शकुनबाईचा आवाज आला.

"अवो अवो! काय करून राहिले?"

"काही नाही, शेंगा तोडून राहिलो."

"देवाच्या?"

"भाजीले."

शकुनबाईने पदर तोंडाला लावला. "देवाच्या झाडाची भाजी करता? टेकचंदभाऊ, तुमी? तुमी त पुजारी आहा!"

आपण पुजारी झालो हे टेकचंदला त्या क्षणी कळलं. त्याने टोपली पाठीमागे लपवली. दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली आणि जागेश्वर बाज घेऊन झाडाखाली राखणीला येऊन बसला. ज्या माणसाच्या बकऱ्यांपासून झाड वाचवायला देव बसवला, तोच माणूस आता देवाचं झाड टेकचंदपासून वाचवत होता.

टेकचंदने दुसरा उपाय केला. सकाळी दारात उभं राहून तो शकुनबाईला म्हणाला, "काल बाबा सपनात आले होते. म्हणे, शेंगांचा भार झाला, उतरवून टाक."

"माह्याही सपनात आले होते," शकुनबाई शांतपणे म्हणाली. "म्हणे, एकाही शेंगेले हात लागू देऊ नको. तुमच्या घरून निघून थेट माह्याच घरी आले असतील."

आता स्वप्नाला स्वप्न लावून कोण जिंकणार? टेकचंद आत गेला. कौशल्याबाई वांगी चिरत होती. तिने वर न बघता सांगितलं, "चार दिवस उरले."

"मदत नाही करत तू?"

"देव तुमीच बसवला. तुमीच निस्तरा."

शनिवार उजाडला. चैत्रातलं ऊन असं की दुपारी एक ते तीन अड्याळमध्ये कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही. जागेश्वर जेवायला घरी गेला होता, आणि जेवल्यावर तो निजतो हे टेकचंदला ठाऊक होतं. सकाळचं तेलही कसं कोण जाणे झालं नव्हतं. टेकचंदने शिडी लावली, गळ्यात पिशवी अडकवली आणि तो वर चढला. माणूस मुळातच काटकुळा, झाडाने तक्रार केली नाही. अर्धी पिशवी भरली. वरच्या फांदीला हात घातला, एक पाय शिडीवरून उचलला, आणि शिडी आरामात वाडीत आडवी झाली.

टेकचंद फांदीला लटकला, सावरला, बसला. लुंगी काट्यांत चारही बाजूंनी गुंतली. उतरायचं म्हटलं तर लुंगी वर ठेवून उतरावं लागणार होतं. तो याचाच विचार करत होता, इतक्यात कुंपणाचं फाटक वाजलं. शकुनबाईकडे पाहुणे आले होते, म्हणून सकाळचं तेल राहिलं होतं. ते घालायला ती पाहुण्या बायकांना घेऊन आली होती. एकूण आठ बाया.

बायांनी तेल घातलं, हात जोडले, आणि देवाकडे बघायला माना वर केल्या. वर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती.

"टेकचंदभाऊ!"

टेकचंदचा धीर सुटला. आठ वर्षांचं सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं. "देव नाही तो! वरवंटा होय! माह्या घरचा वरवंटा! बकऱ्या येऊ नये म्हणून मीच शेंदूर लावला! मले फक्त भाजी खायची होती!"

हे ऐकून बाया आता दगड उचलतील, असं वाटून टेकचंदने डोळे मिटले. पण शकुनबाईने नव्याने हात जोडले.

"पाहा माय," ती पाहुण्यांना म्हणाली, "बाबाले इथंच बसाचं होतं. म्हणून याच्या हातून बसून घेतलं. याले बिचाऱ्याले समजलंही नाही."

"खरंच वो," बाकीच्या बाया म्हणाल्या. टेकचंद खाली आल्यावर त्याच्या पाया पडू, असं एकीने कबूल केलं. आवाज ऐकून जागेश्वर लाठी घेऊन धावत आला, आणि लाठीने त्याने कोणाला मारायचं हे त्याचं त्यालाच कळेना.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत कौशल्याबाई बाहेर आली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. टेकचंदचा चेहरा असा रडवेला झाला होता की तिला त्याची खरोखर दया आली.

"शकुनबाई," ती म्हणाली, "देवाच्या शेंगेचा निवद देवालेच दाखवला तर चालते ना?"

"चालते नाही काहून?"

"अन् निवद दाखवल्यावर त्याचा परसाद होते ना? अन् परसादाले नाही म्हणत नाही ना कोनी?"

"कोनीच नाही," शकुनबाईला म्हणावं लागलं. पाच मिनिटांत आठ बायांनी पदर खोचले. ज्यांनी जन्मभर रोवणा केला त्यांना शेंगा तोडायला कितीसा वेळ लागणार! हात पोचत होता तिथल्या शेंगा त्यांनी तोडल्या, वरच्या टेकचंदने हलवून पाडल्या, आणि मग सगळ्यात शेवटी लुंगीसकट टेकचंद उतरवला गेला. जागेश्वरने लाठीने काटे बाजूला केले.

अक्षय तृतीयेला टेकचंदच्या दारात मांडव पडला. साठ पानं. बाबुलाल भंडाऱ्याहून मुद्दाम आला, आणि त्याच्या बायकोने लाल मिरची, आमचूर आणि तूप घालायचं प्रमाण कौशल्याबाईला फोनवरून दोनदा सांगितलं. शेंगा उकडून, वाळवून, मोजल्या तर जेमतेम पातेलीभर झाल्या. साठ माणसांना त्या काय पुरणार! मग गल्लीसाठी कौशल्याबाईने तिच्या वाडीतल्या वाळवलेल्या बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या शेंगा काढल्या आणि त्याच मसाल्यात त्याच तऱ्हेने शिजवल्या. निवद दाखवून झाला. टेकचंदच्या ताटात तिने दोन वाट्या ठेवल्या.

"एक तुमची, एक माही," ती म्हणाली. "खा अन् सांगा."

टेकचंदने डोळे मिटून पहिल्या वाटीतला घास घेतला. चावला. गिळला. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की शकुनबाईने नकळत हात जोडले.

"हेच ते!" तो म्हणाला. "तीच चव! पाण्याशिवाय वाढलेल्या गोष्टीची गोष्टच वेगळी राहते, भाऊ. त्यात कस असतो, जिद्द असते. आठ वर्षं वाया नाही गेली!" मग त्याने दुसऱ्या वाटीतला घास घेतला, बराच वेळ तोंडात फिरवला आणि बायकोकडे पाहून मोठ्या मनाने हसला. "अन् हे बरबटी. वाईट नाही म्हणत मी. पण पाणी पिऊन वाढली, ते समजते. गवत चावल्यासारखं वाटून राहिलं."

"टेकचंदजी, ज़रा सुनो..." शेजारी बसलेला बाबुलाल म्हणाला, तोच कौशल्याबाईने त्याच्या ताटात दोन पुऱ्या वाढल्या.

"म्हणजे पहिली चांगली?" तिने विचारलं.

"शंभर वेळा पहिली!"

"नक्की?"

"लिहून घे!"

कौशल्याबाई त्याच्या कानाशी वाकली. माणसांसमोर नवऱ्याची शोभा नको एवढी माया तिच्यात होती. "पहिली बरबटी होय," ती हळूच म्हणाली. "विहिरीजवळची. रोज दोन वेळा पाणी देत होती मी तिले."

टेकचंदचा हात वाटीवरच राहिला. त्याने बाबुलालकडे पाहिलं. बाबुलाल पुरीकडे पाहत होता. पंगतीतून शकुनबाई ओरडली, "टेकचंदभाऊ, बाबांचा परसाद अजून वाढा जी! काय चव आहे!" आणि साठ माणसांनी वाट्या पुढे केल्या. टेकचंद उठला, बरबटीची बादली उचलली आणि वाढत सुटला. दुसरं काय करणार!

परत आला तेव्हा त्याने बादली कौशल्याबाईपुढे ठेवली. "जागा तुही," तो म्हणाला. "उद्या झाड तोडून देतो. शकुनबाईले काय सांगाचं ते पाहू."

"कायले तोडता?" कौशल्याबाई त्याच्या वाटीत बरबटी वाढत म्हणाली. "राहू द्या ना. बरबटीच्या वेलाले चढाले कायतरी लागतेच."